संध्याकाळचे अकराजण

सोमवार, ५ फेब्रुवारी

मामाने त्याच्या दुकानातली उरलेली डायरी दिली. गेल्या वर्षीची आहे, म्हणून वार खोडून लिहावे लागणार. प्रत्येक पानाखाली वॉशिंग मशिनची जाहिरात आहे. मामा म्हणाला, "टाचणे, यात मनातलं लिही, म्हणजे आमची डोकी कमी खाशील." मी बारीक आहे म्हणून तो मला टाचणी म्हणतो.

मनातलं असं, की मी दुरुस्ती विभागात पडले. आजपासून शाळा सुटल्यावर गणिताच्या बाई अकराजणांचा जादा वर्ग घेणार, प्रयोगशाळेत. मार्चमध्ये सातवीची मोठी चाचणी आहे. ती सगळ्या शाळांत एकाच दिवशी असते, आणि कोणती शाळा कितवी आली ते पेपरात छापून येतं. गेल्या वर्षी आपली शाळा शेवटून तिसरी होती. वर्गातली हुशार मंडळी आमच्याकडे बघून म्हणाली, "चला, भंगार निघालं दुरुस्तीला."

मला रडू येणार होतं, पण गोगलगायही त्या अकरांत आहे. ती माझी मैत्रीण. फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत फळा पुसलेला असतो, म्हणून तिला गोगलगाय म्हणतात. ती म्हणाली, "बरं झालं. एकटी असते तर मेले असते."

बाईंनी वर्गात आल्या आल्या दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "मंडळी, इथे चुकायला परवानगी आहे. तुमच्यातल्या एकालाही मी मागे टाकून पुढे जाणार नाही." त्या आम्हाला मंडळी म्हणतात. दिवसा वर्गात फक्त "ए मुलांनो" म्हणतात.

बुधवार, ७ फेब्रुवारी

अपूर्णांक. अर्धा अधिक एक तृतीयांश. मी फळ्यावर जाऊन वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले आणि दोन पंचमांश लिहिलं. बाई हसल्याही नाहीत आणि रागावल्याही नाहीत. कागदाची लांब पट्टी आणली, मधोमध दुमडली आणि अर्धी फाडून माझ्या हातात दिली. मग तशीच दुसरी पट्टी घेऊन तिचा तिसरा भाग दिला.

"आता तुझ्याकडे किती आहे? अर्ध्याहून जास्त की कमी?"

"जास्त."

"आणि दोन पंचमांश म्हणजे?"

मी बोटांवर हिशेब केला. अर्ध्याहून कमी.

"म्हणजे मी तुला दिलं आणि तुझ्याकडचं कमी झालं? मी काय चोर आहे का गं?"

सगळे खो खो हसले, मीही हसले. मग छेद सारखे करायचे ते एकदम डोक्यात शिरलं. तीन वर्षं जे डोक्यावरून जात होतं ते एका कागदाच्या पट्टीने खाली आणलं. पट्टीचे दोन्ही तुकडे मी कंपासपेटीत ठेवले आहेत.

सोमवार, १२ फेब्रुवारी

घरी सराव. आई बस चालवते, सकाळची पाळी असली की चारपर्यंत घरी येते. (बाबा नाहीत. म्हणजे आहेत, पण दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरात.) मी मोठ्याने वाचलं, "एक बस ताशी पंचेचाळीस किलोमीटर वेगाने धावते, तर तीस किलोमीटर जायला किती वेळ लागेल?"

आई पाय चेपत बसली होती. म्हणाली, "कुठल्या शहरात धावते ती? सिग्नल नाहीत? कोणी चढत-उतरत नाही? म्हातारीला पायरी चढायला वेळ नाही लागत?"

"आई, गणित आहे."

"असेल. पण असं गणित करणाऱ्याला एकदा माझ्या सीटवर बसव म्हणावं."

उत्तर चाळीस मिनिटं. ते मी काढलं. आईने ते बरोबर आहे का हे दोनदा विचारलं, मागे छापलेलं उत्तर पाहिलं, आणि मग म्हणाली, "खरंच तू काढलंस?" मला ते जरा लागलं.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

पहिली सराव चाचणी. पन्नासपैकी सतरा. पासाची रेषा पंचवीसवर आहे. गोगलगायीला चौदा. बाईंनी चुकीवर फुली मारली नाही, जिथे पाय घसरला तिथे पेन्सिलीने बारीक ठिपका ठेवला. म्हणाल्या, "इथपर्यंत तू बरोबर होतीस. हे विसरू नकोस." माझ्या पेपरात खूप ठिपके शेवटच्या पायरीवर होते, म्हणजे मी जवळपास पोचतेच.

मंगळवार, २० फेब्रुवारी

आज मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वर्गात आल्या. यंदाच आल्या आहेत आणि येताना सगळ्या भिंतींना रंग लावून घेतला. त्यांनी एकेकाला उभं करून गुण विचारले आणि मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं. मग गणिताच्या बाईंना बाहेर बोलावलं. दाराच्या काचेतून दिसत होतं. मोठ्या बाई बोलत होत्या आणि आमच्या बाई मान हलवत होत्या. आधी आडवी हलवली, मग बराच वेळ हलवलीच नाही.

गोगलगायीला वाटतं आम्हाला बक्षीस मिळणार असेल, सुधारणेचं वगैरे. मला वाटतं चाचणीच्या दिवशी आम्हाला पंख्याखालची जागा देणार.

शनिवार, २४ फेब्रुवारी

बाईंनी मला एकटीला शेकडेवारीसाठी थांबवलं. मामाने सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. त्याच्या दुकानात पन्नास टक्के सूट आणि वर वीस टक्के सूट अशी पाटी लावतात, गिऱ्हाइकाला वाटतं सत्तर झाली, पण होते साठच. बाई हसल्या, म्हणाल्या, "तुझ्या मामाला सांग, आमच्याकडेही असंच चालतं."

मग एकदम म्हणाल्या, "मला इथे सहा वर्षं झाली. दर मे महिन्यात शाळा ठरवते मला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही. यंदा मोठ्या बाई म्हणतात कायम करू."

मी म्हटलं, "म्हणजे तुमचीही वार्षिक परीक्षा असते."

"असते. आणि तिचा पेपर दुसरेच लिहितात," त्या म्हणाल्या. मला ते कळलं नाही, पण कळल्यासारखी मान हलवली. बाई माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलल्या. घरी येईपर्यंत चालताना पाय जमिनीवर नव्हते.

बुधवार, २८ फेब्रुवारी

सरासरी. पाच मुलांचे गुण चाळीस, पस्तीस, तीस, पंचवीस आणि दहा. बेरीज एकशे चाळीस, भागिले पाच, सरासरी अठ्ठावीस. सोपं आहे, मला आवडलं.

मग गोगलगायीने हात वर केला. ती कधीच हात वर करत नाही. "बाई, त्या दहावाल्याला मोजलंच नाही तर?"

आम्ही लगेच करून पाहिलं. एकशे तीस भागिले चार, साडेबत्तीस. एकजण ओरडला, "अरे वा, न शिकता हुशार झाले सगळे!" आम्ही हसून हसून बाकावर डोकी ठेवली. बाई मात्र हसल्या नाहीत. खडू खाली ठेवला, हात झटकले आणि म्हणाल्या, "हे अभ्यासक्रमात नाही." आणि वर्ग लवकर सोडला. गोगलगायीला वाटतं तिचं काहीतरी चुकलं. मी म्हटलं, बाईंचं डोकं दुखत असेल.

सोमवार, ४ मार्च

सत्तावीस! सत्तावीस सत्तावीस सत्तावीस! पन्नासपैकी! रेषेच्या वर!

अपूर्णांकांचं एकही चुकलं नाही. ऋण संख्यांत एक चिन्ह घसरलं, नाहीतर अठ्ठावीस. गोगलगायीला तेवीस. आम्ही दोघी प्रयोगशाळेतल्या सांगाड्याशी हस्तांदोलन करून आलो.

बाई माझा पेपर कितीतरी वेळ बघत बसल्या. मला वाटलं शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, "उशीर झाला गं." मी घड्याळ पाहिलं, रोजचीच वेळ होती. मग म्हणाल्या, "म्हणजे घरी जायला. आई वाट बघत असेल." त्यांचे डोळे लाल होते, त्यांना खडूचा त्रास होतो.

आईला सांगितलं. तिने जवळ घेतलं, पण विचारलं, "शेजारी कोण बसलं होतं?" कोणीच नाही! मी पहिल्या बाकावर एकटी होते! मामाने दुकानातून येताना आइस्क्रीम आणलं. तो तरी सरळ आनंदी होतो.

गुरुवार, ७ मार्च

बाईंनी आईला शाळेत बोलावलं होतं. मला वाटलं कौतुक करायला. आई आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

"काय म्हणाल्या बाई?"

"चांगल्या आहेत बाई. तुझी फार काळजी आहे त्यांना."

"सत्तावीसचं बोलल्या?"

"बोलल्या." मग नळ बंद करून म्हणाली, "तुझी दाढ दुखते म्हणत होतीस ना?"

"ते चिकट चॉकलेट खाल्लं तेव्हा. कधीच थांबली."

"तरी दाखवून घेऊ एकदा."

मोठी माणसं कुठून कुठे जातील नेम नाही.

सोमवार, ११ मार्च

आज जादा वर्ग झालाच नाही. दारावर कागद होता, 'वर्ग संपले. विश्रांती घ्या.' अक्षर बाईंचंच होतं. त्यांना शोधलं, भेटल्या नाहीत. परीक्षेच्या आधी डोकं शांत ठेवायचं असतं, त्यांना माहीतच असणार. पण शेवटच्या दिवशी काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. आम्ही वर्गणी काढून त्यांच्यासाठी पेन घेतलं होतं, ते गोगलगायीच्या दप्तरात राहिलं.

बुधवार, १३ मार्च

उद्या चाचणी. म्हणजे होती. चार पेन्सिली टोकून ठेवल्या, खोडरबर धुतलं, आणि आई ड्यूटीवरून येऊन म्हणाली, "उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचंय."

"उद्या? चाचणी आहे!"

"तुमची नाही. तुमच्या संध्याकाळच्या मुलांची नंतर आहे. बाईंनीच सांगितलं."

"वर्गात तर कोणी बोललं नाही."

"मला सांगितलं ना! माझ्यावर विश्वास नाही का?"

आई सहसा असं ओरडत नाही. गोगलगायीच्या घरी फोन केला तर तिची आत्या म्हणाली, ती काकांकडे गेली आहे, दोन दिवसांनी येईल. म्हणजे खरंच असणार. खरं तर बरंच झालं. ऋण संख्यांना आणखी वेळ मिळाला. आज बाईंनी दिलेली संख्यारेषेची सगळी गणितं पुन्हा केली.

गुरुवार, १४ मार्च

डॉक्टरांनी आरसा घालून सगळं तोंड पाहिलं आणि म्हणाले, "दाढ ठणठणीत आहे. कोणी सांगितलं दुखते?" मी आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर पाहत होती. डॉक्टरांनी मग उगाच दात घासून दिले.

परत येताना आम्ही आईच्याच मार्गावरची बस घेतली, दुसरे ड्रायव्हर काका होते. ती बस शाळेच्या मागच्या बाजूने जाते. सिग्नलला थांबली. सभागृहाच्या खिडक्या उघड्या होत्या. आत ओळीने बाकं, प्रत्येक बाकावर एक. फाटकावर पाटी होती, 'शांतता राखा, चाचणी सुरू आहे.'

"आई, आपल्या शाळेत चाचणी चालली आहे."

"आठवीची असेल."

खिडकीजवळ जी पाठमोरी मुलगी बसली होती तिची मान मला पाठ आहे. वर्षभर मी त्या मानेमागे बसते. ती आमच्या वर्गाची मॉनिटर आहे.

सिग्नल सुटला. आई ड्रायव्हर काकांशी जोरजोराने डिझेलबद्दल बोलायला लागली. तिला वाटलं मी पाहिलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च

आज काय काय झालं ते नीट, एकेक करून लिहिते.

सकाळी सगळे पाण्याच्या टाकीच्या गणिताबद्दल बोलत होते. "तुझं उत्तर किती आलं?" "सहा तास." "हट्, साडेसात." चाचणी काल झाली. सातवीची. सगळ्यांची. पुन्हा कोणाची नाही.

अकरांतले दोघेच काल आले होते. त्यांच्या घरच्यांनी ऐकलं नाही म्हणे. बाकी नऊजण मधल्या सुट्टीत नळाजवळ जमलो. एकाला ताप होता, जो त्याला आलाच नव्हता. एकीची आजी वारली म्हणून शाळेला कळवलं, आजी घरी टीव्ही बघत होती. गोगलगायीला काकांकडे धाडलं. माझी दाढ. सगळ्यांच्या आईबाबांना सात तारखेच्या आसपास शाळेत बोलावलं होतं. सगळ्यांना गणिताच्या बाईच भेटल्या होत्या.

गोगलगाय हळूच म्हणाली, "मोजलंच नाही."

मला आधी कळेना. मग सरासरीतला तो दहावाला आठवला. मी शिक्षकांच्या खोलीत गेले. बाई एकट्या वह्या तपासत होत्या.

"बाई, आमची चाचणी कधी आहे?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बस."

"कधी आहे?"

"हे बघ, पंचवीसच्या खाली आलीस तर आठवीत तुला 'क' तुकडीत टाकतात. तिथून कोणी वर येत नाही. गैरहजर राहिलीस तर सरळ वर्गाबरोबर पुढे जातेस. तुझं नुकसान काहीच नाही. मी तुझ्या भल्याचाच विचार केला."

"मला सत्तावीस मिळाले होते."

"एकदा. खऱ्या चाचणीत हात थरथरतात, गुण कमी होतात. तीनचार तरी होतात."

"कमी होतील असं तुम्हाला वाटलं?"

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "नावं फेब्रुवारीतच ठरली होती. तुझा पेपर नंतर आला. मी म्हटलं होतं मोठ्या बाईंना."

तेवढ्यात मोठ्या बाई आत आल्या. मला बघून हसल्या, "अरे, तू आजारी होतीस ना? आता बरं आहे?" त्यांनी इतक्या मायेने विचारलं की माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. त्या "हो"चा मला सगळ्यात जास्त राग येतो आहे.

आणि फेब्रुवारीत नावं ठरली असतील, तर त्यानंतरचा सगळा वर्ग बाई कशासाठी घेत होत्या? मला शेकडेवारी कशाला शिकवली? मला काही समजत नाही.

कंपासपेटीतले पट्टीचे तुकडे फाडून टाकले.

शनिवार, १६ मार्च

आईशी भांडण. खरं तर मीच बोलले, ती टेबलाच्या कडेवर नख ओढत बसली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मी विचारलं तेव्हा विश्वास नाही का म्हणालीस."

"हो."

"आणि डॉक्टर!"

"'क' तुकडी मी पाहिली आहे गं. खिडकीला काचा नाहीत तिथे. मला वाटलं, कशाला धोका घ्यायचा. बाई शिकलेल्या आहेत, त्यांना कळतं..."

"आणि मला काही कळत नाही. तू मला एकदाही विचारलं नाहीस. तुला वाटलं मी नापासच होणार."

तिने नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "मला भीती वाटली."

मामा दारात उभा होता. एरवी तो प्रत्येक गोष्टीवर विनोद करतो. आज म्हणाला, "केसाने गळा कापला त्या बाईंनी." मग आईकडे बघून म्हणाला, "आणि ताई, केस तू धरून दिलास." आई उठून बाल्कनीत गेली. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

आईशी बोलत नाही. ती डबा देते, मी घेते. ती "सांभाळून जा" म्हणते, मी दार लावते.

शाळेत बाई समोरून आल्या तर मी वळणावर वळते. एकदा वळायला जागाच नव्हती, म्हणून मुलांच्या स्वच्छतागृहात शिरले. आत दोघेजण होते. तिघेही ओरडलो.

गुरुवार, २१ मार्च

आई आज गणवेशातच, टोपी न काढता, माझ्या खोलीत आली. तिच्या बसला रोज दुसऱ्या शाळेतल्या एक शिक्षिका असतात. आईने त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, गैरहजर मुलांसाठी दुसरा दिवस असतोच. दरवर्षी असतो. शाळेने पालकांना कळवायचं असतं. यंदा सत्तावीस तारखेला आहे, गावातल्या मोठ्या केंद्रावर. शाळेचं ओळखपत्र दाखवलं की बसू देतात.

"मी बाईंना स्पष्ट विचारलं होतं," आई म्हणाली. "दुसरा काही दिवस असतो का? त्या म्हणाल्या, नाही. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. म्हणून मी तुला मनाने सांगितलं, तुमची नंतर आहे. मला वाटलं मी खोटं बोलते आहे."

ती पलंगाच्या कडेला बसली. गणवेशात ती नेहमी मोठी दिसते, आज दिसली नाही. मला तिची दया आली आणि दया आल्याचा राग आला.

"मी सुट्टी टाकली आहे सत्तावीसची," ती म्हणाली. "जायचं की नाही ते तू सांग. मी ठरवणार नाही."

मी म्हटलं, "जायचं." इतक्या दिवसांत तिच्याशी बोललेला पहिला शब्द.

रविवार, २४ मार्च

बाकीच्या आठजणांना सांगितलं. पाचजणांच्या घरचे म्हणाले, जाऊ दे ना, झालं ते झालं, उगाच शाळेशी वाकडं कशाला. दोघांनी सांगतो म्हणून सांगितलंच नाही. राहिलो मी आणि गोगलगाय.

ती आमच्याकडे सरावाला येते. बाई नाहीत, तर कोण सांगणार कुठे चुकलं? आम्ही एकमेकींचे पेपर तपासतो. गोगलगाय फार कडक आहे. प्रत्येक पायरी वाचते, आणि तिच्या वेगाने वाचते. मी म्हटलं, "अगं, उद्यापर्यंत तरी होईल का?" ती म्हणाली, "घाईत तपासणाऱ्यांनी काय दिवे लावले?"

आई वेळ लावून बसते. आज तिने विचारलं नाही की खरंच तू काढलंस का. विचारायला तोंड उघडलं होतं, मी पाहिलं. मग ती पाणी प्यायली.

बुधवार, २७ मार्च

केंद्र म्हणजे मोठं जुनं कॉलेज. वेगवेगळ्या शाळांची मुलं होती. काहींचे हात प्लास्टरमध्ये, एक मुलगा खरोखरच कांजिण्यांतून उठलेला, तोंडावर ठिपके. खरे गैरहजर. आम्ही दोघी धडधाकट, म्हणून सगळे आमच्याकडे बघत होते.

बाई म्हणाल्या होत्या ते एक खरं होतं. हात थरथरतात. पहिली दहा मिनिटं मला सात गुणिले आठ आठवेना. मग अपूर्णांकांचं आलं आणि हात आपोआप चालायला लागला. त्यांनी शिकवलेला हात. मधेच ते लक्षात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं, उत्तरपत्रिकेत पर्यायापुढे रंगवलेला एक गोल ओला झाला. पुसून पुन्हा काळा केला. गुणोत्तराची दोन सोडली. त्रिकोणाचं क्षेत्रफळ केलं, शेवटी दोनने भागलं का ते पुन्हा पाहिलं. भागलं होतं.

बाहेर आलो तर फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे बाई उभ्या होत्या. त्यांना कसं कळलं माहीत नाही. गोगलगाय थांबली. मी तिला हात धरून ओढलं. आई मात्र रस्ता ओलांडून गेली. काय बोलली ऐकू आलं नाही, फार थोडं बोलली. बाईंनी खाली बघून ऐकलं. परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणालीस?"

"म्हटलं, पुन्हा माझ्या मुलीच्या भल्याचा विचार करू नका."

शुक्रवार, १७ मे

निकाल. मला तीस. गोगलगायीला सव्वीस. ती रडली, मग म्हणाली, "सव्वीस म्हणजे रेषेच्या वर ना? मोजून सांग." मी मोजून सांगितलं.

शाळा यंदा वरून नववी. पेपरात आलं. फाटकावर फुगे लावले होते, सभा झाली, मोठ्या बाईंनी सांगितलं की हे यश संध्याकाळच्या जादा वर्गाचं आहे. गणिताच्या बाईंना कायम केल्याचंही तिथेच जाहीर केलं. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या मुलाने विचारलं, "तू का नाही वाजवत?"

सभा संपल्यावर शिपाई बोलवायला आला. कार्यालयात फोटोवाला होता. जादा वर्गातून पास झालेल्या मुलांचा बाईंबरोबर फोटो, नव्या माहितीपत्रकासाठी. गोगलगाय पोटात दुखतं सांगून घरी गेली होती. या वेळी तिचं तिनेच ठरवलेलं दुखणं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "ये, ये. तू म्हणजे आमची हिरो."

बाईंनी मला बघितलं. हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "मला माहीत होतं तू करशील."

आजवर त्या जे जे बोलल्या त्यांतलं हे सगळ्यात वाईट. मी करेन असं त्यांना वाटलं नसतं, तर मी समजू शकले असते. आईला वाटलं नव्हतं. पण यांना माहीत होतं.

फोटोवाला म्हणाला, "जरा जवळ सरका." बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी बाजूला झाले.

"मी तुमच्याबरोबर फोटो काढणार नाही."

मोठ्या बाईंचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. "म्हणजे काय? लाजतेस कशाला?"

"लाजत नाही," मी म्हटलं.

मोठ्या बाई आणखी काही बोलणार होत्या. गणिताच्या बाई म्हणाल्या, "राहू दे. तिचं बरोबर आहे." आणि मग कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी निघाले. कोणी अडवलं नाही.

घरी आले तर आई पायमोजे वाळत घालत होती. सगळं सांगितलं, फोटोसकट. तिने मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटचा मोजा हातात तसाच राहिला.

"माझ्याबरोबर काढशील का फोटो?" तिने विचारलं.

खोटं बोलायचं नव्हतं.

म्हटलं, "बघू."

"बघ," ती म्हणाली, आणि मोजा दोरीवर टाकला.